ट्रॉलीला वेल्डिंग मारताना वायरिंग, लाईट आणि ट्रॅक्टरचा ईसीयू कसा वाचवायचा

कारखान्याची धुराडी पेटायच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची लाईन लागते. कुणाच्या फाळक्याची (हौद्याच्या उघडणाऱ्या दाराची) बिजागरी तुटलेली, कुणाच्या चासीचा चॅनेल फाटलेला, कुणाला हुकाची प्लेट बदलायची आहे. आणि प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येतो, "दोनच टाके मारायचेत, ट्रॅक्टर सोडत नाही, तसंच मार." नवीन पोरगं असेल तर ते ऐकतं. मी पण ऐकलं होतं.

झालं असं की ट्रॉली मागं, ट्रॅक्टर पुढं, ट्रॉलीच्या लाईटचा सेव्हन पिनचा प्लग लावलेला आणि माझ्या मशीनच्या अर्थिंगची केबल आखूड, म्हणून मी क्लॅम्प ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडाला लावला आणि रॉड ट्रॉलीच्या फाळक्याला टेकवला. दुसऱ्या टाक्यालाच जळक्या रबराचा वास. प्लगमधली अर्थची वायर पार कोळसा झालेली, ट्रॉलीचे दोन्ही एलईडी टेललाईट गेले आणि ट्रॅक्टरचा डिजिटल मीटर बंद. बिजागरीची मजुरी किरकोळ होती, मीटर आणि लाईटचे पैसे मी भरले. तर ज्यांनी नुकतंच इन्व्हर्टर मशीन घेतलंय, किंवा फॅब्रिकेशनच्या शॉपला हाताखाली लागलेत, किंवा घरची ट्रॉली घरीच जोडायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहितोय.

आधी करंट कुठून जातो ते समजून घ्या

नव्या माणसाला वाटतं करंट होल्डरमधून (रॉड धरायच्या चिमट्यातून) येतो, रॉड जाळतो आणि संपतो. तसं नसतं. जेवढा करंट रॉडमधून जातो तेवढाच्या तेवढा अर्थिंग क्लॅम्पमधून मशीनला परत जातो. ३.१५ एमएमचा साधा ६०१३ रॉड लावला तर साधारण १०० ते १३० अँपियर धरा. त्याला परत जायला जो रस्ता सोपा पडेल तिकडून तो जातो, आणि एकच रस्ता धरतो असंही नाही, जेवढे रस्ते उघडे असतील तेवढ्यांतून वाटून जातो.

आता ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या मध्ये काय काय असतं बघा. हुक आणि पिन, तिच्यावर गंज, माती, ग्रीस. मग जॅकच्या (ट्रॉली उचलणाऱ्या सिलिंडरच्या) हायड्रॉलिक पायपा, त्यांच्या आत स्टीलची जाळी असते. आणि तिसरी सेव्हन पिनच्या प्लगमधली अर्थची वायर, दीड-अडीच स्क्वेअर एमएमची, जी वीस-पंचवीस अँपियरला गरम व्हायला लागते. मी काय केलं होतं तर १२० अँपियरला या तीन रस्त्यांनी परत यायला लावलं होतं. पिन गंजलेली, म्हणून वायरनं जास्त ओढला आणि ती जळाली. तिथं फ्यूज का नाही उडाला म्हणून नंतर एकानं विचारलं. अर्थच्या वायरला फ्यूज नसतोच, फ्यूज असतो पॉझिटिव्हला.

आणि वायर जळाली नाही तरी भागत नाही. समजा पिनेच्या त्या खराब जोडात फक्त ०.०५ ओहम रेझिस्टन्स आहे. १२० अँपियर तिथून गेले की ६ व्होल्ट तिथंच पडतात. म्हणजे ट्रॉलीचं लोखंड आणि ट्रॅक्टरचं लोखंड यांच्यात ६ व्होल्टचा फरक, आणि बिचारं सर्किट समजतंय की दोन्हीकडचा अर्थ एकच आहे. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, आतलं काम ५ व्होल्टवर चालतं. त्यात रॉड टेकवताना-उचलताना जे झटके बसतात ते वेगळे, कारण रॉड जळत नसताना मशीनच्या टोकाला ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. जुना तारेचा बल्ब हे सगळं सहन करायचा, फार तर एकदा भपकन पेटायचा. एलईडीच्या आत छोटं सर्किट असतं, ते नाही सहन करत.

म्हणून माझं मत सरळ आहे. लोक बॅटरी काढली का, बॅटरी काढली का एवढंच विचारतात. ट्रॅक्टर सोडता येत नसेल तर बॅटरी काढायचीच, पण पहिलं बघायचं क्लॅम्प कुठं लावलाय. क्लॅम्प चुकला तर बॅटरी काढूनसुद्धा वायर जळते.

१. गाडीवर काय काय बसवलंय ते मालकाला विचारा

दोन मिनिटं लागतात. ट्रॅक्टर कुठला आहे? २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरना नवीन धुराचे नियम लागू झाले, त्यामुळं त्यातल्या बहुतेकांत आता ईसीयू आणि सेन्सरवाली डिझेल सिस्टीम येते. त्याखालच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत अजून जुना पंप आहे, तिथं अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), मीटर आणि लाईट एवढंच सांभाळायचं. ट्रक असेल तर एप्रिल २०२० नंतरचा म्हणजे बीएस सिक्स (धुराच्या नवीन नियमाचा), तिथं अजिबात हलगर्जीपणा नको. शिवाय मालकानं नंतर बसवलेल्या गोष्टी विचारा: जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, टेप, डंपिंग ट्रॉलीला बॅटरीवर चालणारा पॉवर पॅक. मालक "काही नाही ओ" म्हणतो आणि सीटखाली जीपीएस निघतो, नेहमीचं आहे.

२. ट्रॅक्टर सोडा आणि बाजूला नेऊन लावा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ यालाच होते. आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, दोन चाकी ट्रॉली असेल तर पुढं स्टँड नाहीतर मजबूत घोडा द्या. मग ट्रॅक्टर बंद, हायड्रॉलिकचा लिव्हर दोन-तीनदा पुढं-मागं करून पाइपमधलं प्रेशर सोडा, पायपा काढा, सेव्हन पिनचा प्लग काढा, पिन काढा आणि ट्रॅक्टर चार-पाच फूट पुढं घ्या. नुसती पिन काढून हुक तसाच टेकलेला ठेवला तर सोडल्यासारखं झालं नाही, लोखंड लोखंडाला लागलेलंच आहे. प्लग काढून ट्रॉलीच्याच लोखंडावर लोंबकळत ठेवू नका, पिशवी गुंडाळून बाजूला बांधा.

आता ट्रॅक्टर वाचला. राहिले ट्रॉलीचे लाईट. टेललाईटच्या मागं कनेक्टर असेल तर तो काढा, नसेल तर दोन बोल्ट खोलून लाईटच उतरवा, कारण बऱ्याच लाईट स्वतःच्या बोल्टमधूनच अर्थ घेतात.

३. सोडता येत नसेल तेव्हा

कधीकधी खरंच सोडता येत नाही. फडात भरलेली ट्रॉली उभी आहे, हुकच वाकलाय, पिन निघत नाही. किंवा ट्रॉलीचं कामच नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकेजलाच काही लावायचंय. तेव्हा बॅटरी.

चावी काढल्यावर लगेच बॅटरीला हात घालू नका. युरियाची टाकी असलेल्या गाड्यांत चावी बंद केल्यावर पंप थोडा वेळ चालून लाईन रिकामी करतो, ईसीयू पण आपलं काम आवरून मग झोपतो. चार-पाच मिनिटं थांबा, मॅन्युअलमध्ये जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा.

मग आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह. उलटं केलं तर पॉझिटिव्ह ढिला करताना पाना चासीला टेकला की तिथंच वेल्डिंग होतं, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो त्यामुळं स्फोटाची भीती. ट्रकात दोन बॅटऱ्या असतात, २४ व्होल्टसाठी एकामागं एक जोडलेल्या, तिथं दोन्हींची सुटी टोकं कापडानं गुंडाळून वेगळी बांधून ठेवा. काही जण दोन्ही केबली एकमेकींना जोडतात, असं केल्यानं ईसीयू वाचतो म्हणतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असल्याशिवाय मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद केला म्हणजे बॅटरी सुटली असं धरू नका, काही गाड्यांत ईसीयूची वायर स्विचच्या अलीकडूनच घेतलेली असते. आणि "चावी बंद आहे की" याला तर काहीच अर्थ नाही, चावी बंद असली तरी ईसीयूचा अर्थ चासीला जोडलेलाच असतो. म्हणून ईसीयूचे कनेक्टर पण काढायचे. लॉकचा लिव्हर असतो तो हळू उलटा करा, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, काढल्यावर पिनांना बोट लावू नका, स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी घालून रबर बँड लावा. कनेक्टर कुठला ते कळत नसेल तर वायरमनला बोलवा, त्याची मजुरी ईसीयूपेक्षा लई स्वस्त आहे.

बॅटरीला चार्जर लावलेला असेल तर तोही काढा, नुसता बटणानं बंद करू नका, प्लगच काढा. वेल्डिंगचा करंट भटकला तर चार्जरच्या थ्री पिनच्या अर्थमधून घरच्या वायरिंगमध्ये पण घुसतो, शॉपमध्ये ग्राइंडरची केबल अशी वितळलेली मी बघितली आहे.

४. क्लॅम्प

इथं वेळ द्या. वाटल्यास बाकी सगळं पळवत वाचा.

ज्या तुकड्याला टाका मारायचाय त्याच तुकड्याला क्लॅम्प, आणि जितका जवळ तितका बरा. मी दोन फुटांच्या आत ठेवतो. फाळक्याला जोड मारायचा असेल तर क्लॅम्प फाळक्याला, कारण फाळका आणि हौद्याच्या मध्ये बिजागरी आहे आणि बिजागरी म्हणजे गंजलेला खराब जोड. ॲक्सलवर ब्रॅकेट लावायचंय तर क्लॅम्प ॲक्सलला. चासीला लावला तर करंट पाट्यांमधून (स्प्रिंगच्या पट्ट्यांमधून), यू-बोल्टमधून वाट काढणार. आणि चाकाच्या ड्रमला किंवा डिस्कला क्लॅम्प लावायचा नाही, कारण मग मधल्या बेअरिंगमधून करंट जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी कळत नाही, महिन्याभरानं बेअरिंग ओरडायला लागतं आणि मालक ग्रीसला शिव्या देतो.

चार चाकी ट्रॉलीचा पुढचा गोल फिरतो, त्याच्या अलीकडं काम आणि पलीकडं क्लॅम्प असं नको. जॅकच्या एका टोकाला क्लॅम्प आणि दुसऱ्या टोकाला काम हे तर अजिबात नको, जॅकच्या सिलपर्यंत करंट जातो आणि जॅकच्या रॉडवर डाग पडतो, मग तेल गळायला लागतं.

साधा नियम सांगतो: कामाची जागा आणि क्लॅम्प यांच्यामध्ये हलणारं, फिरणारं किंवा वायर लागलेलं काही येता कामा नये.

जागा ठरली की ग्राइंडरनं रंग आणि गंज काढून लोखंड चकचकीत करा, रुपयाएवढं नको, तळहाताएवढं. रंगावर चिमटा लावून वर स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचं ही सवय सोडा. क्लॅम्पची स्प्रिंग गेलेली असेल तर नवीन घ्या. काम चालू असताना पाच मिनिटांनी क्लॅम्पला हात लावून बघा, चटका बसला म्हणजे कॉन्टॅक्ट खराब आहे, थांबा आणि परत घासा. अर्थिंगची केबल आखूड पडत असेल तर लांब केबल घ्या. माझं नुकसान त्या आखूड केबलनंच केलं. लोखंडी सळई, अँगल जोडून केबल लांबवणारे पण आहेत आपल्यात, त्यांना काय सांगायचं.

५. वायरी, पायपा, टायर

करंट झाला, आता उष्णता आणि ठिणग्या. ट्रॉलीची वायरिंग बहुतेक वेळा चॅनेलच्या आतून नाहीतर चौकोनी पाइपमधून नेलेली असते. बाहेरून दिसत नाही, आणि तुम्ही बाहेरून टाका मारला की आतलं इन्सुलेशन वितळून वायर लोखंडाला चिकटते. मग पहिल्या पावसात, नाहीतर पहिल्या रात्री ब्रेक दाबल्यावर फ्यूज उडतो आणि कुणालाच कारण सापडत नाही. म्हणून काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी वायर चाचपून बघा, ओढून बाजूला घ्या. टाय कापायला लागले तर कापा, नवीन टाय दोन रुपयाला येतो. ओढता येत नसेल तर वायरला दोरी बांधून वायर बाहेर काढा आणि दोरी आत राहू द्या, काम झाल्यावर दोरीनं वायर परत ओढून घेता येते.

झाकायला वेल्डिंगचं ब्लँकेट सगळ्यात चांगलं, नसेल तर पत्र्याचा तुकडा. ओलं पोतं आम्ही वर्षानुवर्षं वापरलं, ठिणगीला चालतं, पण कनेक्टर आणि लाईटवर ओलं पोतं टाकू नका, पाणी आत जातं. हायड्रॉलिक जॅकचा चकचकीत रॉड कोरड्या चामड्यानं नाहीतर ब्लँकेटनं झाका, त्यावर एक ठिणगी चिकटली तरी सिल फाडते.

विषयाला सोडून आहे पण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही: टायर बसवलेल्या डिस्कला कधीही वेल्डिंग मारू नका, हवा सोडली असली तरी. आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर फुटतो. माणसं मेलीत यानं. टायर उतरवा, मग डिस्क जोडा.

६. टाका मारताना

होल्डरची केबल आणि अर्थिंगची केबल शेजारी शेजारी जमिनीवरून आणा. एक या बाजूनं, दुसरी त्या बाजूनं, मध्ये ट्रॅक्टर असं करू नका, आणि उरलेल्या केबलचं वेटोळं बॅटरीच्या पेटीवर किंवा बॉनेटवर ठेवू नका. जवळच्या वायरिंगमध्ये त्या वेटोळ्यानं झटके तयार होतात. मशीन पण गाडीपासून लांब ठेवा. टिग मशीन (गॅसवर, टंगस्टनच्या टोकानं वेल्डिंग करणारं) असेल आणि त्याला हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट (न टेकवता आर्क पेटवायची सोय) असेल तर गाडीवर ते बंद ठेवा आणि टेकवून सुरू करा, त्या हाय फ्रिक्वेन्सीचा इलेक्ट्रॉनिक्सला आर्कपेक्षा जास्त त्रास होतो.

रॉड पेटवायला चासीवर कुठंही ठकठक करू नका. जिथं जोड मारायचाय तिथंच पेटवा. पाट्यांवर तर चुकूनसुद्धा नाही, पाटा कडक स्टीलचा, जिथं रॉडचा डाग पडतो तिथूनच नंतर तुटतो. आणि चहा आला म्हणून होल्डर चासीवर टाकून जाऊ नका, त्यात अर्धा रॉड अडकलेला असतो, मशीन चालू असतं.

थोडं थोडं मारा, दीड-दोन इंच मारून थांबा, हात ठेववत नाही एवढं तापलं की वायर जवळ असो नसो थांबायचंच. अँपियर वाढवून एका दमात उरकायची घाई नवीन पोरांना फार असते.

७. ट्रेलर आणि मोठ्या गाड्या

हायवेचा ट्रेलर असेल तर वरचं सगळं लागू आहेच. ट्रेलरला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असेल तर चाकाजवळ सेन्सर आणि चासीवर मॉड्युलेटर (ब्रेकची हवा कमी-जास्त करणारा डबा) असतो, त्याचा स्वतःचा वेगळा प्लग असतो, लाईटचा प्लग काढला आणि हा राहिला असं होतं. दोन्ही काढा. ट्रक पुढून काढून घ्या. किंग पिनच्या (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या पिनेच्या) जागी ग्रीसचा थर असतो, तो करंटला धड जाऊ पण देत नाही आणि अडवत पण नाही, मघाच्या गंजलेल्या पिनेसारखीच गत. हवेच्या पायपा नायलॉनच्या असतात, ठिणगीनं भोक पडतं, आणि भोक ब्रेकच्या लाईनला असतं. टाकीतली हवा सोडून पायपा बाजूला करा आणि झाका. मॉड्युलेटरच्या जवळ, हात-दीड हातावर काम असेल तर तो खोलूनच बाजूला ठेवा.

बॅटरीवर चिमटे लावायचं सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका गिळणारं यंत्र) बाजारात मिळतं. असलं तर लावा, त्याच्यावर लिहिलंय तसं. पण त्याच्या भरवशावर क्लॅम्प दहा फुटांवर लावायचा असेल तर तो पैसा वाया.

८. परत जोडताना

लोखंड गार होऊ द्या, पाणी ओतून नाही, आपोआप. पहिला होल्डर आणि क्लॅम्प गाडीवरून काढा, मशीन बंद करा. मग ईसीयूचे कनेक्टर, लॉक कट्ट वाजेपर्यंत. मग बॅटरी, या वेळी आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. वायरी जागेवर, टाय मारा, जिथं घासलं तिथं रेड ऑक्साइड लावा, पण लाईटच्या बोल्टखाली जिथून अर्थ मिळतो तिथं रंग नको. नंतर इंडिकेटर एका बाजूचा लावला की दोन्ही मिणमिणतात, ती तक्रार बहुतेक वेळा या रंगाचीच असते.

चावी फिरवा आणि मीटर बघा, कुठला दिवा चालू राहतोय का. गाडी चालू करून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, १२ व्होल्टच्या गाडीला साधारण १३.८ ते १४.४ आले पाहिजेत, २४ च्या गाडीला २८ च्या आसपास. १२ च्या गाडीला १२.३ दाखवून तिथंच थांबला तर अल्टरनेटरकडं संशय घ्या, डायोड गेला असेल. मग प्लग लावून एक माणूस मागं उभा करा आणि एकेक बघा: पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटत असेल तर अर्थ नीट बसलेला नाही. हे सगळं मालक समोर असतानाच करा, आणि खरं तर काम सुरू करायच्या आधी पण एकदा करा, कारण अर्ध्या ट्रॉल्यांचा उजवा लाईट आधीपासूनच बंद असतो आणि संध्याकाळी फोन येतो की तुमच्याकडून आणल्यापासून लागत नाही.